घरच्या माणसाचा फॉर्म

शिआत्सू म्हणजे मालिश नव्हे, हे तिला दिवसातून तीनदा तरी फोनवर सांगावं लागे. तेल नसतं. कपडे काढायचे नसतात. उंच टेबलही नसतं. जमिनीवर जाड गादी असते, तिच्यावर आडवं व्हायचं, आणि ती अंगठ्यांनी, तळव्यांनी, कधी कोपरानं अंगाच्या ठरावीक रेषांवर हळूहळू आपलं वजन टाकत जाणार. एवढं कानीकपाळी ओरडूनही एक गृहस्थ तेलाची बाटली आणि टॉवेल बगलेत मारून आलेच होते. एक बाई लग्नाला निघाल्यासारख्या इतक्या घट्ट कपड्यांत आल्या की त्यांना गादीवर बसताच येईना. तिनं त्यांना आपला जादाचा पायजमा दिला. पुढच्या वेळी त्या तसल्याच कपड्यांत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तो तुमचा पायजमा द्या."

"सैल, सुती कपडे घाला," ती फोनवर म्हणे. "पोट तुडुंब भरून येऊ नका, अगदी उपाशीही येऊ नका. ताप असेल तर येऊच नका. झाल्यावर झोप येईल, अंग जड वाटेल, एखाद्याला रडूही येतं. घाबरायचं नाही. पाणी प्या आणि तासभर कुठलीही धावपळ ठेवू नका. आणि दुखलं तर लगेच सांगा. सोसून दाखवल्याबद्दल माझ्याकडे बक्षीस नाही."

गल्लीत तिचं नाव अंगठेबाई पडलं होतं. तिच्यासमोर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं. तिचं केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. एक गादी, दोन उशा, पडदा, पाण्याचा माठ, आणि दाराबाहेर थांबणाऱ्यांसाठी एक बाक.

आणि फॉर्म. फॉर्म भरल्याशिवाय ती कुणाला बोट लावत नसे. तिच्या शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी हे घोकून घेतलं होतं: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुणाच्या पायात रक्ताची गाठ असते, कुणी पोटुशी असते आणि अजून घरीही सांगितलेलं नसतं, कुणाची हाडं आतून ठिसूळ झालेली असतात. हाताला यातलं सगळं कळतंच असं नाही. म्हणून अकरा प्रश्न. ते तिनं काढले आणि नवऱ्यानं दोन संध्याकाळी बसून, एका बोटानं, टाइप केले. नवव्या प्रश्नाशी येऊन तो म्हणाला होता, "अगं, लग्नाआधी तुझ्या वडिलांनीसुद्धा मला एवढं विचारलं नव्हतं."

फॉर्म भरताना माणसं काय काय लपवतात याला सुमार नाही. वय लपवतात, गोळ्या लपवतात, ऑपरेशनं विसरतात. म्हणून ती फॉर्म त्यांच्या हातात देतच नसे, स्वतः समोर बसून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचे आणि उत्तर आपल्या अक्षरात लिहून घेई. त्यातले तीन प्रश्न तिच्या लेखी फाटकासारखे होते. दुखण्यानं रात्री जाग येते का? काही कारण नसताना वजन उतरलंय का? पडून राहिलं तरी दुखणं कमी होत नाही का? या तिन्हींपैकी एकाला जरी 'हो' आलं तरी ती पेन खाली ठेवी. "मी आज हात लावणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले तर या." एक बेकरीवाला यावरून भलताच भडकला होता. एवढ्या लांबून जिने चढून आलो ते काय हे ऐकायला, म्हणाला. पण गेला डॉक्टरकडे, आणि मणक्याला चीर निघाली. तेव्हापासून दर महिन्याला तो पावांची पिशवी दाराशी ठेवून जाई आणि वर यायला मात्र लाजे.

असं हे सगळं चोख होतं, परक्यांसाठी.

नवरा फरश्या बसवायचा. दिवसभर गुडघ्यांवर, पाठ वाकवून, हातात रबरी हातोडी. तिच्या केंद्रातली फरशीही त्यानंच बसवली होती. अशा माणसाची पाठ दुखली तर त्यात नवल ते काय? एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, तो म्हणाला, "परक्यांना एवढं दाबतेस, कधीतरी आमच्याकडेही बघ." तिनं बैठकीच्या खोलीत जुनी गादी टाकली. तो पालथा पडला.

"कुठं?"

"इथं. डाव्या बरगडीखाली. जरा आतून."

तिनं मणक्याच्या कडेनं अंगठे टेकवले, वजन टाकलं, मोजून सोडलं. तो पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. उठल्यावर म्हणाला, "गेलं. तुझ्या अंगठ्यांत काहीतरी आहे हं." आणि ती, सोळा वर्षांचा अनुभव असलेली, शिकलेली, सवरलेली बाई, अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी खूश झाली.

अकरापैकी एकच प्रश्न तिनं त्याला विचारला होता, कुठं दुखतं. बाकीचे दहा तिच्या डोक्यातही आले नाहीत. घरच्या माणसाला कोण फॉर्म देतं? त्याचं वय तिला ठाऊक, त्याचं अपेंडिक्स कधी काढलं ते ठाऊक, तो चहात किती साखर घेतो तेही ठाऊक. एवढं ठाऊक असलेल्या माणसाला विचारायचं राहून जातं.

मग दर रविवार ठरूनच गेला. जेवण, मग गादी, मग अर्धा तास. परक्यांना ती पोटभर जेवल्यावर दोन तास दारात उभं करत नसे. त्याच्या बाबतीत तोही नियम गुंडाळून ठेवलेला. आठ महिने असे गेले. मधे त्यानं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, मग आणखी एक. "लग्नाच्या फोटोतल्यासारखा दिसायला लागलास," ती म्हणाली, आणि तो हसला. जेवण कमी झालं होतं त्याचं. उन्हाळा आहे, तो म्हणाला, आणि उन्हाळा होताही. दिवसभर लोकांवर वजन टाकून ती रात्री दगडासारखी झोपे. शेजारचा माणूस जागा आहे की झोपलेला, हे तिला कसं कळावं?

शेवटच्या रविवारी त्यानं उशीवर मान वळवली आणि खिडकीच्या उजेडात त्याच्या डोळ्याचं पांढरं तिला पिवळं दिसलं. तिनं हात उचलला तो उचललाच.

डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि विचारलं, "दुखतंय कधीपासून?"

"सात-आठ महिने झाले असतील," नवरा म्हणाला.

"आणि एवढे दिवस काय करत होतात?"

"बायको दाबून देते ना." त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "तिचं कामच आहे ते. बरं वाटायचं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून लिहायला लागले. त्यांनी बोल लावला असता तर तिला एक वेळ सोपं गेलं असतं. नंतर तिनं त्यांना बाहेर गाठलं. "आधी आलो असतो तर?"

"स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये सांगता येत नाही. लवकर कळलं तर कधी कधी ऑपरेशन होतं. कधी कधी." ते दोनदा म्हणाले 'कधी कधी', आणि तिनं ते दोन्ही घरी आणले. अडीच महिन्यांत तो गेला.

घरात उरल्या दोघी, ती आणि सासूबाई. मूलबाळ नव्हतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं पडदे शिवले होते, हॉटेलांचे, शाळांचे, एकदा एका नाट्यगृहाचाही. बाई सुतासारखी सरळ आणि कात्रीसारखी धारदार. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोघींचं रोज वाजे, पण ती कामावरून आली की "जेवलीस का दुपारी?" हा प्रश्न पहिला येई. जगात तिला हे विचारणारं आता तेवढं एकच माणूस होतं.

लोक भेटायला येत. सासूबाई सगळ्यांना तेच सांगत. "माझ्या लेकाचं शेवटचं वर्ष सुनेच्या हातांवर गेलं. दर रविवारी पाठ दाबून द्यायची त्याची. दुखणं जाणवू दिलं नाही तिनं त्याला." लोक माना डोलावत, डोळे पुसत. ती आत चहाचे कप विसळत उभी असे आणि तिला वाटे, जमीन दुभंगावी. दुखणं जाणवू दिलं नाही, हे शब्दशः खरं होतं आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं.

तीन वेळा ती सांगायला गेली. तिन्ही वेळा शब्द ओठांपर्यंत आले आणि परत गेले. सांगितलं तर काय होईल हे स्पष्टच होतं. नणंदेकडे दुसऱ्या शहरात एक खोली रिकामी होती आणि नणंद दर आठवड्याला सासूबाईंना फोनवर म्हणे, आई, ये ना इकडे. सासूबाई जातील. ज्या बाईनं त्यांच्या मुलाला अकरा प्रश्न विचारले नाहीत तिच्या हातचा चहा कोण घेईल? आणि मग ते घर, आणि त्यात ती एकटी. तिनं मूग गिळले. चौदा महिने गिळत राहिली.

कामावर ती महिन्याभरातच परतली होती. परक्या पाठींवर हात नीट चालत. त्या तीन प्रश्नांशी आलं की सुरुवातीला तिचा आवाज चिरके. पुढे चिरकेनासा झाला, आणि याची तिला जास्त भीती वाटली.

मग सासूबाईंचा खांदा धरला. कप फळीवर ठेवायला हात वर जाईना, पाठीमागे तर अजिबातच नाही. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "जरा दाब ना गं इथं."

तीच खोली, तीच वेळ. "इथं नको, आई. केंद्रावर या. मंगळवारी दहाला वेळ आहे."

"केंद्रावर? दोन पावलांवर मी बसलेय."

"फॉर्म भरावा लागतो."

"मी काय परकी आहे?"

"तसं नाही, आई. पण फॉर्म भरायचाच."

सासूबाईंना ते लागलं. दोन दिवस त्या दूध संपलंय आणि नळ गळतोय याच्यापलीकडे बोलल्या नाहीत. ती मंगळवारी सकाळी एकटीच निघाली तेव्हाही त्या पाठमोऱ्या बसून होत्या. पण दहाला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. कठड्याला धरत, पायरीगणिक थांबत, सासूबाई वर आल्या. अंगात सैल पायजमा आणि वर मुलाचा जुना सुती शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

"सैल, सुती म्हणतेस ना लोकांना," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरं नव्हतं."

तो निळा शर्ट तिनं चौदा महिने कपाटाबाहेर पाहिला नव्हता. तिनं त्यांना खुर्ची दिली, स्वतः समोर बसली, कोरा फॉर्म काढला.

"वय?"

"तुला माहीत नाही?"

"तुम्ही सांगा."

"बहात्तर. एकाहत्तर सांगते सगळ्यांना."

"ऑपरेशन?"

"पित्ताशय. तूच नव्हतीस का दवाखान्यात? तीन दिवस पेज भरवलीस की मला."

"गोळ्या?"

"रक्तदाबाची एक. आणि तू देतेस ती हाडांची." सासूबाई जरा हसल्या. त्यांना आता गंमत वाटू लागली होती. "बरंय हे. सुनेनं समोर बसून एवढी विचारपूस कधी केली नव्हती."

ती हसली नाही. "दुखण्यानं रात्री जाग येते का?"

"येते. या कुशीवर वळलं की अशी कळ येते. मग बसून राहते."

तिचं पेन थांबलं. "रोज?"

"महिना-दीड महिना झाला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दमून झोपलेली असतेस."

तिनं 'हो' लिहिलं. "काही कारण नसताना वजन उतरलंय का?"

"नाही बाई. बघतेस ना, वाढतच—" सासूबाई एकदम थांबल्या. त्यांची नजर फॉर्मवर गेली, मग कोपऱ्यातल्या कपाटाकडे, जिथं वर्षांवर वर्षं लावून फाइली उभ्या होत्या. हसू मावळलं.

"हे सगळ्यांना विचारतेस?"

"सगळ्यांना."

"हात लावायच्या आधी?"

"आधीच."

"रात्री दुखतं का, वजन उतरलंय का, हे?"

"हो, आई."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली. ती बंद झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "त्याला विचारलं होतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. विचारलं होतं, तो नाही म्हणाला, एवढंच म्हणायचं. तो काही येऊन सांगणार नव्हता. तिच्या जिभेवर ते वाक्य आलंही. पण समोर तो निळा शर्ट होता.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. नुसतं कुठं दुखतं विचारलं आणि दाबलं. आठ महिने दाबत राहिले. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी हात न लावता डॉक्टरकडे धाडला असता. दर वेळी धाडते. बेकरीवाल्याला धाडलं. माझ्या हातानं त्याला बरं वाटायचं, म्हणून तो गेला नाही. तुम्ही लोकांना सांगता ना, दुखणं जाणवू दिलं नाही म्हणून? तेच केलं मी. आधी गेला असता तर कदाचित... डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. चौदा महिने तुम्हाला सांगायला धजत नव्हते. तुम्ही निघून जाल म्हणून."

एवढं सगळं ती एका दमात बोलली आणि मग ओरडा ऐकायची तयारी करून मान खाली घालून बसली. ओरडा आला नाही. सासूबाई शर्टाच्या दुमडलेल्या बाहीची घडी उलगडत होत्या, परत घालत होत्या.

"विचारलं असतंस तरी तो खोटं बोलला असता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला माहीत होतं, रात्री उठतो ते."

तिनं मान वर केली.

"स्वयंपाकघरात येऊन बसायचा. टेबलावर असा ओणवा, पोटाशी उशी धरून. मला झोप कमी, मी उठले की दिसायचा. मी म्हटलं, बायकोला सांग. म्हणाला, नको, आई. म्हणाला, तो कागद मीच टाइप केलाय. रात्री दुखतं म्हटलं की ती हात लावत नाही कुणाला." सासूबाईंनी बाही खाली ओढली. "म्हणाला, आठवड्यात तेवढा अर्धा तास तिचा हात लागतो मला. तो घालवू नकोस."

ते खरं होतं. दिवसभर परक्यांच्या पाठी हाताळून घरी आलं की तिला कुणाचा स्पर्श नकोसा होई. अंगठे सुजलेले असत, ती ते गरम पाण्यात बुडवून बसे, आणि त्यानं मागून खांद्यावर हात ठेवला की म्हणे, "आत्ता नको ना." रागानं नाही, नुसती दमून. तो हात काढून घेई. कधी तक्रार केली नाही त्यानं. रविवारच्या त्या अर्ध्या तासावर त्यानं आठवडा काढला होता, आणि तिला वाटत होतं आपण त्याची पाठ बरी करतोय.

"मला वाटलं, पाठच तर आहे," सासूबाई म्हणाल्या. "फरश्या बसवणाऱ्याची पाठ. दुखेल आणि राहील. आणि नवरा-बायकोतलं काही असलं तर सासूनं कशाला नाक खुपसायचं? गप्प बसले. तो गेल्यावर मग लोकांना सांगत सुटले, सुनेच्या हातांवर गेला, सुनेच्या हातांवर गेला. ते बोलत राहिलं की दुसरं काही तोंडातून निघत नाही." त्यांनी पर्स मांडीवर ओढली. "आता तू म्हणालीस जा, तर मी जाईन लेकीकडे. तुला तोंड दाखवायला मला जड जातंय ते काही आजचं नाही."

ज्या वाक्याला ती चौदा महिने भीत होती ते असं उलट्या बाजूनं आलं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला वाटलंही, जा म्हणावं. मला माहीत नव्हतं, तुम्हाला होतं. एक वाक्य बोलला असतात तर. पेज भरवली मी तुम्हाला आणि तुम्ही एवढं एक वाक्य पोटात ठेवलंत. हे सगळं तिच्या डोळ्यांत आलं असणार, कारण सासूबाईंनी मान वळवली. त्यांचा दुखरा खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरला होता. पर्स धरतानासुद्धा त्या तो हात वापरत नव्हत्या.

तिनं फॉर्म जवळ ओढला. उरलेले प्रश्न विचारले, एकेक करून, आणि सासूबाईंनी शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं दिली. पडून राहिलं की कमी होतं का? नाही होत. चक्कर? नाही. हाताला मुंग्या? कधी कधी. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"मी आज दाबणार नाही, आई. रात्री दुखतंय तुम्हाला. आधी डॉक्टरांना दाखवू. उद्याच्या सगळ्यांना फोन करून नको म्हणते, मी येते बरोबर."

सासूबाईंचा चेहरा पडला. शर्टाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं. "बघ," त्या म्हणाल्या. "हेच. एवढंच ऐकायचं नव्हतं त्याला."

"दाबणार नाही म्हटलं मी." ती उठली, खुर्चीमागे गेली आणि उजवा तळवा सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला. त्यावर वजन टाकलं नाही, अंगठाही लावला नाही. शर्टाचं कापड धुऊन धुऊन मऊ झालं होतं आणि त्याखाली म्हातारं, उबदार हाड होतं. "हात ठेवायला कुठं मनाई आहे? एवढं त्यालाही केलं असतं मी. डॉक्टरकडे नेलं असतं आणि रोज केलं असतं. रविवारची वाट कशाला बघायला लावली असती?"

"त्याला ते माहीत नव्हतं गं."

"कसं असणार? मी कधी सांगितलंच नाही."

सासूबाई रडू लागल्या, आवाज न करता, खांदा हलू न देता, कारण हलला की दुखत होतं. तीही रडत होती. गादीवर रडणारी माणसं तिनं शेकड्यांनी पाहिली होती आणि प्रत्येकाला सांगितलं होतं, घाबरू नका, येतं असं. आता सांगायला कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि दाराबाहेरच्या बाकावर कुणीतरी बसलं. अकराची बाई असणार. तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग आतूनच हाक मारून सांगितलं की जरा उशीर होईल, आणि हात होता तिथंच ठेवला.